टोकियोत भाड्याचं घर दाखवायला शिकताना: चावी हातात येण्याआधीचं आणि नंतरचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीचा एक मुलगा, जपानी भाषेची एन-टू परीक्षा पास, ऑक्टोबरपासून टोकियोच्या एदोगावा भागात भाड्याच्या घरांचं काम करणाऱ्या एका छोट्या ब्रोकर कंपनीत लागला आहे. आतापर्यंत सिनिअरच्या मागे हिंडला. जानेवारीपासून ग्राहकांना घेऊन त्याला एकट्यानं जायचं आहे. सिनिअर म्हणतात, "मिते ओबोएरो", म्हणजे बघून शीक. तो विचारतो, "ताई, नेमकं बघायचं काय?" शिवाय ताक्केनबद्दल, म्हणजे घरांच्या व्यवहारांच्या परवान्याच्या परीक्षेबद्दलही त्यानं विचारलंय.

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते. या धंद्यात मला चौदा वर्षं झाली, त्यातली बहुतेक एदोगावातल्याच निशी-कासाईच्या आसपास.

आधी सिनिअरबद्दल. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनाही तसंच शिकवलेलं असतं आणि बघून शिकण्यात तथ्य आहेच. फक्त हे तीन महिने तू बहुधा सिनिअरकडे बघत होतास: ते काय बोलतात, किती वाकतात, चावी कशी काढतात. राहिलेल्या खेपांना नजर ग्राहकावर ठेव. दारातून आत आल्यावर तो पहिल्यांदा कुठे बघतो, कोणतं कपाट दुसऱ्यांदा उघडतो, नवरा प्रश्न विचारत असताना बायको कुठे जाऊन उभी राहते. सिनिअर सोबत आहेत तोवर हे बघायला तुला उसंत आहे. एकटा गेलास की चावी, दिवे आणि घड्याळ यांतच जीव अडकेल.

मला सांगायचं आहे ते एवढंच. ग्राहक ज्या घरात पाऊल ठेवणार तिथे तू त्याच्या आधी जाऊन आलेला असायला हवास, आणि त्या घरातली खोट त्याला सापडण्याआधी तुझ्या तोंडून निघायला हवी.

घर दाखवणं, ज्याला इथे नाइकेन म्हणतात, ते सकाळच्या फोनवर सुरू होतं. रेइन्सवर, म्हणजे ब्रोकरांच्या सामायिक यादीत, किंवा एखाद्या पोर्टलवर घर दिसतंय म्हणून ते अजून रिकामं आहे असं धरू नकोस. घर ज्यांच्या ताब्यात आहे त्या व्यवस्थापन कंपनीला फोन करून खात्री करायची, याला बुक्काकु म्हणतात. वाक्य पाठच कर: "ओसेवा नि नात्ते ओरिमासु. बुक्केन काकुनिन ओ ओनेगाइ शिमासु." म्हणजे नमस्कार, एका घराची खात्री करायची होती. मग इमारतीचं नाव आणि खोलीचा नंबर. नवीन मुलं "अजून आहे का?" एवढंच विचारून फोन ठेवतात. तू पुढचंही विचार. कुणाचा अर्ज आला आहे का? जुना भाडेकरू निघून गेला, की निघायचा आहे? सफाई झाली का? चावी कुठे मिळेल? एकटा माणूसच हवा, की जोडपं, लहान मूल चालेल? आणि ग्राहक परदेशी असेल तर तेही तिथल्या तिथे सांग: "गाइकोकुसेकि नो ओक्याकुसामा देसु गा."

हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, माझी अडखळायची. जपानच्या न्याय मंत्रालयानं २०१६ च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची पाहणी केली होती. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी इथे घर शोधलं होतं, त्यांतल्या ३९.३ टक्के लोकांना परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळालेला होता. हा नकार पचवायचा कुणी आणि कुठे, हे आपल्या हातात असतं. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी पुण्याच्या एका जोडप्याला घर दाखवायला नेलं, फोनवर हे न विचारता. घर त्यांना आवडलं. ती खिडकीला टेप लावून पडद्याची मापं घेत होती आणि मी बाल्कनीत जाऊन कंपनीला फोन लावला. मालक परदेशी माणसाला घर देत नाहीत, असं उत्तर आलं. बाल्कनीचं दार अर्धं उघडं होतं आणि ती सहा महिने जपानी शिकत होती. मी आत आले तेव्हा तिनं काही न विचारता टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. तेव्हापासून हा प्रश्न मी फोनवर पहिल्या मिनिटात विचारते.

पण "नाही" म्हटलं की लगेच फोन ठेवायचा नाही. कारण विचार. पुष्कळदा भीती भाषेची असते: रात्री नळ फुटला तर बोलायचं कसं, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हे कळेल का. तेव्हा सांग की नवरा-बायकोपैकी एकाला जपानी येतं, कंपनीची पक्की नोकरी आहे, भाड्याला जामीन राहणारी हमी कंपनी घेणार आहोत, कचऱ्याचे नियम मी स्वतः समजावून देईन. "मालकांना एकदा विचारून बघता का?" इतकं नम्रपणे म्हटलं की निम्म्या वेळा समोरचा माणूस विचारून बघतो. आणि जे सांगितलंस ते खरंच कर. कचऱ्याचा तक्ता मराठीत लिहून भाडेकरूच्या फ्रिजवर लावून ये. पुढच्या वेळी तीच कंपनी तुझा आवाज ओळखेल.

एक बारीक गोष्ट. इथल्या घरांच्या कंपन्या बुधवारी बंद असतात, काही मंगळवारीही. बुधवारला जपानीत 'पाण्याचा वार' म्हणतात, पाण्यासारखे सौदे वाहून जाऊ नयेत म्हणून ही सुट्टी, अशी जुनी समजूत सांगतात. बुधवारी नाइकेन असेल तर फोन आणि चावी दोन्ही सोमवारीच उरकून घे.

पैशांचं बोलणं घर बघायला निघण्याआधी ऑफिसातच व्हायला हवं. आपल्या लोकांना डिपॉझिट आणि ब्रोकरेज माहीत असतं. पण मालकाला द्यायची, परत न मिळणारी रेइकिन ऐकली की धक्का बसतो. कागदावर मांडून दाखव. महिन्याचं भाडं १,२०,००० येन धर. शिकिकिन, म्हणजे डिपॉझिट, एक महिना. रेइकिन एक महिना. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं. ब्रोकरेज करासकट १,३२,०००. हमी कंपनीचे अर्ध्या महिन्याचे ६०,०००. आगीचा विमा वीसेक हजार. कुलूप बदलायचे वीस-बावीस हजार. बेरीज सहा लाख येनच्या घरात जाते, म्हणजे जवळपास पाच महिन्यांचं भाडं. शिवाय टोकियोत बहुतेक ठिकाणी दर दोन वर्षांनी करार वाढवताना एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं. ब्रोकरेजबद्दल नियम नीट वाचून ठेव. साधारणपणे मालक आणि भाडेकरू दोघांकडून मिळून जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं अधिक कर घेता येतो. राहत्या घरासाठी एका बाजूकडून अर्ध्या महिन्यापेक्षा जास्त घ्यायचं तर काम स्वीकारतानाच त्याची संमती लागते.

ग्राहकाला "काय हवं?" विचारलंस की तो स्टेशनपासून पाच मिनिटं, दक्षिणमुखी, नवी इमारत, स्वस्त अशी यादी वाचेल, आणि तसं घर मिळणार नाही हे तुम्हा दोघांनाही माहीत असेल. मी विचारते, "आत्ताच्या घरात कशाला कंटाळलात?" याचं उत्तर खरं येतं. वरच्या मजल्यावरचे पायांचे आवाज. न वाळणारे कपडे. एकच शेगडी.

आता ग्राहकाआधी घरात जाऊन येण्याबद्दल. जानेवारी ते मार्च इथला धंद्याचा मोसम, कारण शाळा, कॉलेज, ऑफिस सगळ्यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या दिवसांत तुला श्वास घ्यायला वेळ नसेल, म्हणून डिसेंबरातच तुझ्या भागातल्या रिकाम्या घरांच्या फेऱ्या मार. स्टेशनपासून चालत जा. जाहिरातीत लिहिलेलं 'पायी सात मिनिटं' हे मिनिटाला ८० मीटर या हिशोबानं काढलेलं असतं, त्यात सिग्नलला थांबणं धरत नाहीत. निशी-कासाईत मोठे रस्ते ओलांडायला दोन सिग्नल लागले की सातची दहा होतात. खोलीचा आकार 'जो' या मापात, म्हणजे चटयांत देतात. एक चटई म्हणजे किमान १.६२ चौरस मीटर. इथे नव्यानं आलेल्या पुण्याच्या माणसाला 'सहा चटयांची खोली' ऐकून काहीच बोध होत नाही. त्याला मीटरमध्ये लांबी-रुंदी सांग, आणि पलंग लावून किती जागा उरते तेही.

इमारतीत शिरताना नोटीस बोर्ड वाच. 'रात्री वॉशिंग मशीन लावू नका' अशी सूचना लागली असेल तर तिथे भिंती पातळ आहेत आणि कुणीतरी तक्रार केली आहे. कचऱ्याची जागा बघ, सायकली कशा लावल्या आहेत ते बघ, टपालपेट्यांतून जाहिराती ओसंडताहेत का ते बघ. घराची निगा कशी राखली जाते हे माइसोकुवर, म्हणजे नकाशा आणि अटी छापलेल्या त्या एकपानी पत्रकावर, कधीच लिहिलेलं नसतं.

पिशवीत काय ठेवायचं ते माझं ठरलेलं आहे. पाच मीटरचा टेप, चपटे घडीचे स्लिपर माणसांपेक्षा एक जोड जास्त, बॅटरी, हात पुसायचा टॉवेल, व्हिजिटिंग कार्डं, कंपनीचं कर्मचारी ओळखपत्र, जे कायद्यानं जवळ बाळगावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर दाखवावं लागतं. आणि दोन लिटरची पाण्याची बाटली.

बाटली पिण्यासाठी नाही. मोरी, बेसिन, वॉशिंग मशीनची जागा, या सगळ्यांच्या सांडपाण्याच्या नळीत एक वळण असतं. तिथे साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. घर दीड-दोन महिने रिकामं राहिलं की ते पाणी सुकतं आणि वास वर येतो. ग्राहक दारात उभा राहताच नाक मुरडतो, मग त्या घरात कितीही ऊन येत असो, निर्णय झालेला असतो. रिकाम्या घरात पाणी बरेचदा मीटरवरच बंद केलेलं असतं, त्यामुळे नळ सोडून काम होत नाही. मी ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचते, प्रत्येक जाळीत थोडं थोडं पाणी ओतते, खिडक्या उघडते. उरलेलं पाणी टॉयलेटच्या भांड्यात. ग्राहक येईपर्यंत वास गेलेला असतो. आणि तो कशामुळे आला होता हेही मी त्यांना सांगते, कारण सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आलं की त्यांच्या घरातही हेच होणार.

चावी व्यवस्थापन कंपनीच्या ऑफिसातून कार्ड देऊन घ्यायची असते, किंवा जागेवरच्या की-बॉक्समध्ये असते. तो बॉक्स बहुधा गॅस-मीटरच्या कपाटातल्या पाइपाला किंवा जिन्याच्या कठड्याला लटकवलेला असतो. आकडे फिरवताना ग्राहकाकडे पाठ असू दे आणि आकडा मोठ्यानं बोलू नकोस. चावी काढली की आकडे लगेच विस्कटून टाक.

दार उघडल्यावर ग्राहकाला आधी आत ढकलू नकोस. "शोशो ओमाचि कुदासाइ", जरा थांबा, असं म्हण, तू बूट काढून आत जा, मेन स्विच वर कर. तो बहुतेक दारावरच्या पेटीत किंवा बेसिनच्या खोलीत वर असतो. स्वयंपाकघर, बाथरूम, टॉयलेटचे दिवे लागतील. बाकी खोल्यांत दिवेच नसतात, छताला फक्त खाच असते, दिवा भाडेकरूनं आणायचा. डिसेंबरात टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात मी साडेतीननंतर घर दाखवायला नेत नाही. ग्राहकाला दुसरी वेळच नसेल तर आधीच बजावते की आज ऊन दिसणार नाही, आवडलं तर रविवारी सकाळी पुन्हा येऊ. पडदे आणि खिडक्या उघड, स्लिपर दाराकडे टाचा करून मांड, मग त्यांना बोलाव. ते आत गेले की त्यांच्या बुटांची तोंडं दाराकडे फिरव. ही शेवटची गोष्ट कुणी बघत नाही असं वाटेल. जपानी ग्राहक बघतो.

यानंतर मी तरी गप्प राहते. "हे किचन, ही बाल्कनी" हे त्यांना दिसतंच आहे. दोन मिनिटं त्यांना हिंडू दे. कुणी म्हणालं, "पलंग इथे येईल का?" की तू टेप काढून एक टोक धर, दुसरं त्यांच्या हातात दे. माणूस मापं घेऊ लागला म्हणजे मनानं राहायला आलेला असतो. त्या वेळी मध्ये बोलून त्याची तंद्री मोडू नकोस.

मापं मात्र तुझी आधीच घेतलेली असू देत. वॉशिंग मशीनचा प्लॅस्टिकचा ट्रे बऱ्याच घरांत ६४ सेंटिमीटर चौरस असतो, पण मोठी ड्रमवाली मशीन नळाच्या उंचीपाशी अडते. फ्रिजच्या जागेची रुंदी बघ, आणि नुसत्या त्या जागेची नाही, फ्रिज जिथून आत जाणार त्या दाराचीही. खिडक्यांची उंची. एसी किती आहेत: दोन-तीन खोल्यांच्या घरात बहुतेक एकच असतो, बाकीचे भाडेकरूनं लावायचे. गॅस शहराच्या पाइपलाइनचा आहे की सिलेंडरचा, कारण सिलेंडरचा महाग पडतो.

आपल्याकडच्या कुटुंबाला शेगडीची गोष्ट पहिल्यांदा सांग. छोट्या घरात एकच विजेची शेगडी असते. भाकरी-फुलका आचेवर फुगत नाही म्हणून बाई वर्षभर कुढते, हे मी पाहिलंय. नकाशात तो एक छोटा गोल असतो, नवऱ्याच्या लक्षातही येत नाही. दोन बर्नरची गॅस शेगडी मावते का, नळी कुठल्या बाजूला, धूर ओढणारा पंखा जोराचा आहे का, हे तूच दाखव. सोबत हेही सांग की फोडणीच्या तेलाचे आणि हळदीचे डाग वेळच्या वेळी पुसले नाहीत तर घर सोडताना त्याचे पैसे कापले जातात. नेहमीच्या वापरातली झीज मालकाची, हे इथल्या दिवाणी कायद्यात २०२० पासून स्पष्ट लिहिलं आहे. पण साचलेला तेलकटपणा हयगय म्हणून भाडेकरूच्या अंगावर येतो. देवघर, उदबत्ती, भिंतीत खिळे, हे सगळं त्याच वेळी बोलून घे. पूर्वेचं दार विचारणारे येतील, तेव्हा फोनमधलं होकायंत्र काढ. जपानी लोकही ईशान्य दिशा अशुभ मानत आले आहेत, तिला किमोन म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न ऐकून इथे कुणी चकित होत नाही.

घराच्या मोठ्या उणिवा सांगायची हिंमत हळूहळू येते. एदोगावातली सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डानं पुराचा नकाशा काढला तेव्हा मुखपृष्ठावरच सांगितलं होतं की मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबू नका. करारापूर्वीच्या अधिकृत माहितीत पुराच्या नकाशावर घराची जागा दाखवणं ऑगस्ट २०२० पासून सक्तीचं आहे. तरी मी त्या दिवसाची वाट बघत नाही, नाइकेनच्या वेळीच नकाशा उघडते, कितव्या मजल्यापर्यंत पाणी येऊ शकतं आणि जायचं कुठे हे सांगते. आजवर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी त्यामुळे घर सोडलं. बाकीच्यांनी तिसऱ्या मजल्याच्या वरचं मागितलं.

तसंच इथल्या तोझाइ मेट्रो लाइनचं. निशी-कासाई स्टेशन १९७९ मध्ये झालं. २००० च्या आसपास आलेल्या भारतीय आयटीवाल्यांनी हा भाग निवडला त्याचं एक मोठं कारण हीच लाइन, ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो ही ऑफिसांची ठिकाणं सगळी एका गाडीत. पण किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात कोरोनापूर्वी सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्क्यांपर्यंत गेली होती. रविवारी दुपारी घर बघायला आलेल्या माणसाला गाडी रिकामी दिसते. त्याला सांग की एकदा मंगळवारी सकाळी आठला येऊन चढून बघा.

किती घरं दाखवायची? तीन. चौथ्यानंतर कुणालाच आधीचं स्वयंपाकघर आठवत नाही. क्रमाबद्दल काही सिनिअर शिकवतील की आधी मुद्दाम एक वाईट घर दाखवायचं, म्हणजे शेवटचं, ज्याला किमेबुक्केन म्हणतात, ते उठून दिसतं. हे मला पटत नाही आणि मी करत नाही. ग्राहकाचा अर्धा तास आणि त्याचा विश्वास दोन्ही त्यात जातात. मी तिन्ही घरं अशी निवडते की प्रत्येकात एक गोष्ट सोडून द्यावी लागेल: एकात अंतर, एकात इमारतीचं वय, एकात भाडं. फिरता फिरता त्यालाच उमगतं की त्याला कशाशिवाय चालणार आहे.

इमारतीच्या वयाबद्दल एक तारीख पाठ असू दे, १ जून १९८१. त्यानंतर मंजुरी मिळालेल्या इमारती भूकंपाच्या नव्या नियमानं बांधलेल्या असतात. भारतीय ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतात.

मोहाची जागाही सांगून ठेवते. काही मालक घर लवकर भरावं म्हणून ब्रोकरला जाहिरात खर्चाच्या नावाखाली एक-दोन महिन्यांचं भाडं देतात. ऑफिसात त्याला एडी म्हणतात, 'एडी १००' म्हणजे पूर्ण एक महिना. महिन्याचं टार्गेट डोक्यावर असलं की बोट आपोआप तीच पत्रकं वर काढतं. पत्रकं निवडताना एडीचा रकाना झाकून निवड, नंतर बघ. आणि सरकारी यूआर घरांबद्दल ग्राहकानं विचारलं तर खरं सांग. तिथे रेइकिन नाही, ब्रोकरेज नाही, जामीनदार नाही, करार वाढवायची फी नाही. निशी-कासाईजवळच्या कोजिमा-चो वसाहतीत कितीतरी भारतीय कुटुंबं त्यामुळेच आहेत. आपल्याला त्यात काही मिळत नाही. मी तिकडे धाडलेल्या एका बाईनं पुढच्या चार वर्षांत मला तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातली पाच कुटुंबं आणून दिली.

काही प्रश्नांना जागेवर उत्तर द्यायचं नाही. "करारातली ही अट म्हणजे काय?" याचा अधिकृत खुलासा, ज्याला जुउसेत्सु म्हणतात, तो ताक्केन-शीच, म्हणजे ताक्केनचा परवाना असलेला माणूसच, आपलं कार्ड दाखवून करू शकतो. तू घर दाखवू शकतोस, हे नाही. "या घरात कुणी मेलं होतं का?" हेही विचारतील. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. भाड्याच्या घरात आत्महत्या किंवा खून झाला असेल तर साधारण तीन वर्षं ते आपणहून सांगायचं. म्हातारपणानं, आजारानं आलेला मृत्यू सहसा सांगावा लागत नाही, पण प्रेत उशिरा सापडून खास सफाई करावी लागली असेल तर सांगावं लागतं. आणि ग्राहकानं स्वतः विचारलं तर तीन वर्षांचा हिशोब चालत नाही, माहीत आहे ते सांगावंच लागतं. "काकुनिन इताशिमासु", खात्री करून सांगतो, असं म्हण, आणि त्याच संध्याकाळी खात्री कर.

मोसमात अर्धी घरं अशी असतील की जुना भाडेकरू अजून राहतोय, आत जाताच येणार नाही. तेव्हा त्याच इमारतीतलं त्याच नकाशाचं दुसरं घर दाखव आणि स्पष्ट सांग की ऊन, आवाज आणि समोरचं दृश्य इथल्यासारखं असेलच याची खात्री नाही. पुण्याहून, बंगळुरूहून अजून निघालेले नाहीत असे ग्राहकही व्हिडिओवर घर बघतात. तिथे सकाळचे साडेआठ म्हणजे इथे दुपारचे बारा, उन्हाच्या दृष्टीनं वेळ उत्तम. फोन आडवा धर, हळू फिर, टेप कॅमेऱ्यासमोर लाव. खिडकी उघड आणि अर्धं मिनिट तोंड बंद ठेव, रस्त्याचा आवाज त्यांना ऐकू दे. कोपऱ्यातला बुरशीचा डाग जवळून दाखव. हजारो किलोमीटरवरून आलेलं कुटुंब दार उघडतं तेव्हा तो डाग त्यांच्या ओळखीचा असला पाहिजे.

घर बघून जपानी माणूस "केन्तो शिमासु" म्हणाला, म्हणजे विचार करतो, तर बहुतेक वेळा तो नकार असतो. पाठलाग करू नकोस. काय अडलं एवढं विचार, पुढचं घर निवडायला ते उपयोगी पडतं. आपला माणूस "थोडं कमी होईल का?" विचारणार. भाडं सहसा हलत नाही. रेइकिन किंवा पहिला महिना माफ करणं, यावर कधीकधी मालक तयार होतात. पण हे एकदाच विचारायचं, आणि "एवढं झालं तर आजच अर्ज करतो" असं ग्राहकानं तुला सांगितल्यावरच. अर्ज म्हणजे करार नव्हे. करारापूर्वी त्यानं मागे घेतलं तर घेतलेले पैसे परत द्यावे लागतात, हे त्याला आधीच सांग, भीतीनं सही करून घेऊ नकोस. रेसिडेन्स कार्ड, पासपोर्ट, नोकरीचं पत्र आणि जपानातला आणीबाणीचा संपर्क, हे त्याच्याकडून आदल्या दिवशीच मागवून ठेव, कारण मोसमात दोन तासांच्या उशिरानं घर जातं.

निघताना उलट क्रम. खिडक्यांच्या कड्या, दिवे, मेन स्विच खाली, स्लिपर पिशवीत, कुलूप, मूठ ओढून खात्री, चावी बॉक्समध्ये, आकडे विस्कटणं. मी बंद दाराचा आणि बॉक्सचा एक फोटो वेळेसकट काढते. एकदा माझ्यानंतर दुसऱ्या ब्रोकरचा माणूस बाल्कनी उघडी टाकून गेला, रात्री वादळ आलं आणि लाकडी जमीन फुगली. तो फोटो होता म्हणून बोलणं एका फोनवर संपलं. मग व्यवस्थापन कंपनीला दोन वाक्यांचा फोन: चावी परत ठेवली, ग्राहकाचं असं म्हणणं आहे. पुष्कळ ब्रोकर हा फोन करत नाहीत.

ताक्केनच्या परीक्षेचं तू विचारलंयस. वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, ५० प्रश्न, सगळं जपानीत, नागरिकत्वाची अट नाही. शंभरात पंधरा ते एकोणीस जण पास होतात. ब्रोकर ऑफिसात दर पाच कर्मचाऱ्यांमागे एक ताक्केन-शी असावाच लागतो, त्यामुळे कंपनीही तुला पुस्तकांचे पैसे देईल, विचारून बघ. अर्ज जुलैत भरायचा असतो. मार्चअखेर मोसम संपला की एप्रिलपासून रोज सकाळी एक तास काढ. मी तशीच केली, दुसऱ्या खेपेला सुटले.